गुलाल धरणारं मलम

आबा,

आज आईच्या गुडघ्यांसाठी बाम केला. मेण, व्हॅसलिन, कापूर, पुदिन्याचं फूल आणि शेवटी, पातेलं खाली उतरवल्यावर, निलगिरीचं तेल. पातेल्याच्या कडेला चिकटलेलं मेण सुटावं म्हणून त्यात कढत पाणी घालून ठेवलं आहे. आई आतल्या खोलीत झोपली आहे. जोतिबाची यात्रा होऊन आठवडा झाला आणि त्या दिवसापासून तुम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते आहे. पत्र टाकायला पत्ता नाही हे मला कळतं. तरी सांगायचं तर नीट, क्रमानं सांगावं म्हणून लिहिते आहे.

मंगळवार पेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्यांपैकी मागची खोली रविवारी जेवणं झाली की तुमची व्हायची. आठवडाभर तुम्ही मोजणी कचेरीत बसून लोकांच्या शेतांच्या हद्दी ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचात आणि रविवारी स्टोव्हपुढे पाट टाकून कोल्डक्रीम करायचात. हा नाद कुठून लागला ते तुम्ही कधी सांगितलं नाही. रद्दीत मिळालेलं, पहिली पानं गेलेलं गृहोद्योगाचं एक पुस्तक होतं, तेवढं मला आठवतं. खोबरेलाचा साबण, वेखंड घातलेली पावडर, आंघोळीची शिकेकाई, ओठांना लावायचं मेण, असं एकेक तुम्ही त्यातून करून पाहिलंत. विकायचं कधी तुमच्या डोक्यात आलं नाही. तोंडाला लावायच्या स्नोच्या रिकाम्या बरण्या धुऊन, उन्हात वाळवून त्यात भरायचं आणि मागेल त्याला द्यायचं. समोरच्या तालमीतली पोरं जाता-येता खिडकीत डोकवायची. "काय आबा, आज वैनीस्नी स्नो व्हय?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "तुझ्या खांद्याला बाम. पडलायस न्हवं काल?" मग तो पैलवान गप्प आत येऊन उंबऱ्यावर बसायचा आणि बाम थंड होईपर्यंत हलायचा नाही.

त्यातला एक रविवार अजून डोळ्यांपुढे आहे. मी पाटाच्या डाव्या बाजूला बसलेली आहे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, त्यात मेण आणि खोबरेल. दुसऱ्या वाटीत गुलाबपाणी आणि त्यात विरघळवलेला टाकणखार. तुम्ही काडी आणायला उठला आहात आणि मेण वितळलेलं दिसल्याबरोबर मी वाटी उचलून त्यात ओतते आहे. सगळं एकदम दाणेदार होतं, पाणी एकीकडे आणि तूप आळल्यासारखे गोळे एकीकडे. तुम्ही माझ्या हातातून वाटी काढून घेतलीत. ओरडला नाहीत. "घाई झालीया व्हय? दोन्ही सारखंच गरम पायजे. आधी बघायचं, मग वतायचं." आई दारातून पाहत होती. "नासलं व्हय?" ती म्हणाली. "साखर घाला आता. पेढं तरी हुतील." तुम्हाला हसू आलं आणि मलाही, पण तुमचं हसणं थांबेपर्यंत मी वर पाहिलं नाही. आता औषधांच्या कारखान्यात मलम विभागात माझ्या टेबलावर तापमापक असतो आणि तेल आणि पाणी दोन्ही सत्तर अंशांवर आल्याशिवाय मी मिसळू देत नाही. नव्या मुली घाई करतात. त्यांना मी तुमच्याइतक्या शांतपणे सांगत नाही.

आई तुमची कोल्डक्रीमं कधी लावायची नाही. भांडी घासून तिच्या हातांना भेगा पडायच्या, त्यावर ती दुधाची साय चोळायची आणि तुमची बरणी शेजारणीला देऊन टाकायची. तुम्हाला त्याचं काही वाटत असेल तर तुम्ही दाखवलं नाही. तिला एकच गोष्ट लागायची, जोतिबाची यात्रा. चैत्र आला की पेठ वडगावहून मामा आणि मामी यायचे, पहाटेची एसटी धरायची आणि डोंगरावर जायचं. तुम्ही बरोबर यायचात, पण देवळात जायचा नाहीत. बाहेर एखादी सावली बघून चपला सांभाळत बसायचात. मामा दरवर्षी तेच म्हणायचे, "दाजी, देव काय खातोय व्हय तुमास्नी?" आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचात, "तुमच्या चपला कोण न्हेईल मग?" सासनकाठ्या नाचवत माणसं पुढे सरकायची, चांगभलं म्हणून ओरडायची आणि वरून खोबरं आणि गुलाल पडायचा. दुपारपर्यंत रस्ता, दगड, म्हशी, माणसं सगळी गुलाबी.

दुसऱ्या दिवशी आईच्या गळ्यावर आणि दोन्ही हातांवर गांध्या उठायच्या. कोपरापासून मनगटापर्यंत लाल, आणि खाजवून खाजवून पाणी सुटायचं. ती पदर पुढे ओढून घ्यायची. डॉक्टरांकडे चल म्हटलं की म्हणायची, "उन्हानं उठलंय." तुम्ही एकदाच म्हणालात, "गुलालानं उठतंय ते." त्यावर तिनं पदर आणखी पुढे ओढला. "देवाचा गुलाल कुणाला बाधत न्हाय," ती म्हणाली. "बाधला तर माझंच कायतरी चुकलं असंल." तो विषय घरात परत निघाला नाही. पण ते वाक्य तुमच्या डोक्यातून गेलं नसणार, कारण पुढच्या फाल्गुनात तुम्ही रविवारी कोल्डक्रीम करायचं थांबवलंत आणि दुसरंच काहीतरी करायला लागलात.

त्यात पाणी नव्हतं. मेण जास्त, खोबरेल कमी, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी. तुम्ही स्वतःच्या हातावर लावायचात, वर हळद टाकायचात, फुंकर मारायचात आणि पुसून बघायचात. मी अकरा वर्षांची होते. तरी मला कळलं की हे कशासाठी चाललं आहे. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बरणी आईपुढे ठेवलीत. "उन्हानं उठतंय म्हणतीस न्हवं? मग ह्ये उन्हासाठी. जायच्या आधी हातांना आन् गळ्याला लाव." आईनं झाकण काढून वास घेतला. "ह्यो चुना व्हय?" "औषध हाय." तिनं बरणी तुमच्याकडे परत सरकवली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

मागच्या दारी मी तुम्हाला विचारलं, हे खरं तर गुलालासाठी आहे ना? तुम्ही हो म्हणालात. "आईला सांगू?" तुम्ही म्हणालात, "तिनं इचारलं तर खरं सांगायचं. मीबी सांगीन. न इचारता सांगायचं न्हाय." मी मान हलवली, पण मला ते पटलं नव्हतं. आईला कळलं तर ती काय करेल, हे मला माहीत होतं. ती बरणी उकिरड्यावर टाकेल आणि पुन्हा तुमच्या हातचं काही घेणार नाही. वर देवाची माफी मागायला अनवाणी डोंगर चढेल. त्या वर्षी सबंध यात्रेत मी तिच्या हातांकडे पाहत होते.

आणि हात गुलाबी झाले, आबा. नुसते गुलाबी नाही, रंगवल्यासारखे. वारा होता, मामीच्या अंगावरचा गुलाल निम्मा उडून गेला होता, आणि आईचे हात आणि गळा एकसारखे, दाट, चमकदार गुलाबी होते. चिकट लेपावर पडलेला प्रत्येक कण बसला होता. मामी गर्दीतच ओरडली, "वन्सं, देवानं तुमालाच धरलंय की!" दोन अनोळखी बायका आईच्या पाया पडल्या. आई त्या बायकांना उठवत होती आणि तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तुम्ही बसला होतात त्या झाडापाशी आम्ही आलो. तुम्ही तिचे हात पाहिलेत आणि तुमचं तोंड उतरलं. चपला मोजून देताना तुम्ही मामाला दोन्ही डाव्या पायाच्या दिल्यात.

रात्री आईनं बेसन आणि गरम पाणी लावून हात चोळले. लेप निघाला आणि लेपाबरोबर गुलाल निघाला. दुसऱ्या दिवशी गांध्या नाहीत, खाज नाही. तुम्ही कचेरीत उशिरा गेलात, कारण स्टोव्हपुढे बसून विचार करत होतात. "कण मेणातच अडकलं," तुम्ही मला म्हणालात, "कातड्यापतूर गेलंच न्हाईत." तुम्ही आनंदी होतात की खजील, ते मला ठरवता आलं नाही. गुलाल लांब ठेवायला केलेल्या औषधानं गुलाल धरून ठेवला होता आणि त्यामुळेच ते लागू पडलं होतं. आई आतून म्हणाली, "फुडल्या वरसाला पन करा की. उन्हाचं औषध चांगलं हाय." पुढल्या चैत्रात गल्लीतल्या बायका बरण्या घेऊन दारात. "आवो, तुमच्या मालकांचं त्ये गुलाल धरायचं मलम द्या की थोडं." देव न मानणारे तुम्ही, आणि पेठेतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर देवाचा गुलाल तुमच्यामुळे टिकत होता. पैलवानांनी तुम्हाला 'पुजारी' म्हणायला सुरुवात केली. तुम्ही चिडायचात, पण मलम करायचात.

तुम्ही गेलात तेव्हा मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या चैत्रात आई डोंगरावर गेली नाही. पुढच्या वर्षी फाल्गुन संपता संपता तिनं मला नुसतं विचारलं, "मलम हाय काय?" मी रविवारी पाट टाकला. प्रमाण मला पाठ होतं. तेव्हापासून दरवर्षी मी करते आणि ती लावते.

या वर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी मी मेण ढवळत होते. आई समोर बसून तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न काढता तिनं विचारलं, "खरं सांग. तुझ्या आबांनी ह्ये उन्हासाठी केलतं का गुलालासाठी?"

मी स्टोव्ह बारीक केला. "गुलालासाठी. अंगाला लागू नये म्हणून."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी देवाला फशिवलं म्हनायचं."

"देवाला नाही. तुला."

"मला कशाला फशिवतील? मी इचारलं कुठं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खडा शोधत होती. "इतकी वर्षं का नाही विचारलंस मग?"

"इचारलं आसतं तर त्यांनी सांगितलं आसतं की," ती म्हणाली. "मग लावता आलं आसतं व्हय मला?"

तांदूळ निवडून झाले. तिनं सूप भिंतीला लावलं. मला वाटलं ती आता बरणी नको म्हणेल. माझ्या तोंडून खरं निघालं होतं आणि ते परत घेता येणार नव्हतं. ती माझ्यापुढे येऊन बसली आणि तिनं डावा हात पुढे केला. "ह्याला लाव उद्या. उजवा ऱ्हाऊ दे. देवाला नारळ उजव्या हातानं देत्यात. त्यो देवाचा. ह्यो त्यांचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या डाव्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत लेप लावला. उजव्याला काही नाही, गळ्यालाही नाही. माझ्या कामात याला नियंत्रित चाचणी म्हणतात. एका हातावर औषध, दुसरा तसाच ठेवलेला, बाकी परिस्थिती सारखी. तिला ते शब्द माहीत नाहीत आणि मी सांगितले नाहीत. यात्रेहून आल्यावर दुसऱ्या दिवशी उजव्या हातावर आणि गळ्यावर गांध्या उठल्या होत्या. डावा स्वच्छ होता. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून दारात बसली होती. उजवा हात खाजवत होती आणि कुरकुर करत नव्हती. मी खाजेवरचं कॅलामाईन घेऊन गेले. तिनं थोडा वेळ लावू दिलं नाही. मग म्हणाली, "आता लाव. रातभर ठेवलं की."

आता जे सांगायचं होतं ते. कारखान्यात आमच्याकडे हातांना लावायचं एक नवं क्रीम तयार होतं, सिलिकोनचं. चिकट नाही, दिसत नाही, आणि त्यावर कोरडी पूड बसतच नाही, घसरून खाली पडते. तुम्हाला त्या फाल्गुनात जे करायचं होतं, ते हेच. तीन वर्षांपूर्वी मी त्याची एक नळी घरी आणली, माझ्या हाताला लावून त्यावर गुलाल टाकून पाहिला आणि हात झटकला. एक कण राहिला नाही. ती नळी मी दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवली. मी देव मानत नाही, आबा, तुमच्यासारखीच. पण आई डोंगरावरून खाली येते तेव्हा मला ती गुलाबी झालेली पाहायची असते.