पॉइंटमुक्त अँबेसेडर

५ जानेवारी २०२५, रविवार
निर्णय झाला. आपल्या चौसष्ट सालच्या अँबेसेडरला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. पॉइंट कायमचे बंद! दोन टिकल्यांएवढे पत्रे, उघडतात-मिटतात, त्यातून ठिणगी. काळे पडले की घासायचे. आणि घासायला सेलूहून रूपराव मिस्त्री दर रविवारी लुनावर हजर. सव्वीस वर्षं! काम पाच मिनिटांचं, बसणं तीन तासांचं. पोहे, दोनदा चहा, अख्ख्या तालुक्याच्या भानगडी. निवृत्त माणसाचा रविवार असा फुकट जातो.

आज सांगून टाकलं, रूपराव, आता तुम्हीपण रिटायर, येत जाऊ नका. बायकोचं, म्हणजे लीनाचं, म्हणणं, जरा गोडीत सांगायचं होतं. गोडीतच सांगितलं. तो हसला की.

निघताना काहीतरी शिकवत होता. "सर, किट लावान त पाहून लावजा. ह्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीले हाय. कंपनीतूनच." चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला हा प्लस-मायनस सांगणार! जळतो, दुसरं काय.

८ जानेवारी
किट आलं. डबी एवढीशी. विज्ञान!

१२ जानेवारी, रविवार
पहिला मोकळा रविवार. काय ती शांतता.
८.०० पोहे. लीनाने सवयीने तिघांचे केले.
८.१५ पोहे संपले.
९.३० पेपर संपला, निविदा सूचनांसकट.
९.४० फाटक वाजलं. पटकन उठलो. वीजबिलवाला.
किट बसवायला दिवस उत्तम होता, पण अशा कामाला मूड लागतो.

१५ जानेवारी, बुधवार
किटच्या कागदावर पहिलीच सूचना, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते आधी तपासा. नववीच्या पोरांसाठी असावी. सोडून दिली. बॉडीला मायनसच असतो, जगभर. काळी वायर बॉडीला, लाल कॉइलला. वीस मिनिटांत काम फत्ते.
१०.४० चावी फिरवली.
१०.४१ धूर.
लीना तांब्याभर पाणी घेऊन धावत आली. विजेवर पाणी टाकत नाहीत, हे तिला समजावून सांगितलं. माल निकृष्ट. कंपनीला कडक पत्र लिहिणार.

१६ जानेवारी
पत्रासाठी म्हणून तपासलं. प्लस खरंच बॉडीला आहे. म्हणजे रूपरावाने सव्वीस वर्षं बॅटरी उलटी जोडून ठेवली होती! अडाणी माणसाच्या हाती गाडी दिली की असं होतं.
मग ती सव्वीस वर्षं चालली कशी? यावर विचार चालू आहे.
रात्री जुन्या गाड्यांचं पुस्तक काढलं. ही गाडी मुद्दाम तशीच बनवायचे म्हणे. पुस्तक परत माळ्यावर ठेवलं. लीनाला सांगायची गरज वाटली नाही.

१९ जानेवारी, रविवार
तात्पुरते जुने पॉइंट परत बसवायचं ठरवलं. बसले. पण मधली फट जमेना. गाडी नुसती खोकते. रूपराव ती फट कशाने मोजायचा? सव्वीस वर्षं शेजारी खुर्ची टाकून बसलो, पाहिलं काहीच नाही. बोलतच होतो.

लीनाने विचारलं, रूपरावभाऊंना फोन करू का? ओरडलो तिच्यावर. नंतर वाईट वाटलं. आज माझ्याशी कोणी बोललं नाही. लीना बोलली, पण त्याला बोलणी बसणं म्हणतात.

२८ जानेवारी, मंगळवार
रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. त्या निमित्ताने सेलू. अर्थात एसटीने. खरं काय ते सांगून टाकायचं, हे बोरगावातून निघतानाच पक्कं केलं होतं.

रूपराव घरी होता. जरा धापा टाकत होता, वयच झालं. त्याच्या गॅरेजला कुलूप. दोन वर्षांपासून बंद आहे म्हणे! मला कधी बोलला नाही. त्याची बायको आनंदाबाई चहा देताना म्हणाली, "एकच गाडी राह्यली होती, तुमची. थे बी सुटली. मंग हत्यारं भंगारात देऊन टाकली यायनं." कप खाली ठेवला.

तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "गाडी कशी चालून राह्यली सर?"
फर्स्टक्लास, म्हणालो. तोंडून निघूनच गेलं. कुठं लावली, त्याने विचारलं. स्टँडमागे, सावलीत, ठोकून दिलं.
मी नेलेला तिळगूळ त्याने तोंडात टाकला. मग म्हणाला, "मंग रविवारी मले न्याले या. स्टँडवर उभा राह्यतो. एक चक्कर मारू."
हो म्हणालो. चार दिवस आहेत. होईल.

१ फेब्रुवारी, शनिवार
मेन रोडवरच्या मेकॅनिकला आणलं. त्याने बॉनेट उघडून फोटो काढला आणि मलाच विचारलं, काका, पॉइंट म्हणजे काय?

२ फेब्रुवारी, रविवार
८.०० तो स्टँडवर उभा असणार.
८.३० फोन केला. अचानक पाहुणे आलेत, म्हणालो. "काई हरकत नाई सर. थांबतो."
९.४५ त्याचा फोन. उचलला नाही.
१०.३० पुन्हा. लीनाने उचलला. धुरापासून सगळं सांगून टाकलं. मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा.

बाहेर आल्यावर म्हणाली, त्यांना माहीत होतं. मंगळवारी तुम्ही एसटीतून उतरलात तेव्हा ते समोरच पानठेल्यावर बसले होते. तुम्हाला अवघडायला नको म्हणून मागच्या गल्लीने धावत घरी गेले. चक्कर मारू म्हणाले, ते तुम्ही आपल्या तोंडाने सांगाल म्हणून.

लाज वाटली. हे वाक्य खोडणार नाही.

आता येता का, असं तिने विचारलं होतं. तर म्हणाले, सरांनी बोलावलं त येतो.

११.०० खोलीचं दार लावून फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. माझं चुकलं. गाडी राहू द्या. तुम्ही या.
"बोला सर," म्हणाला.
सेलूत थंडी कशी आहे, मी विचारलं.
"हाय थोडी."
मी कागदावरचं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. तिकडे एसटीचा हॉर्न ऐकू येत होता, म्हणजे तो अजून स्टँडवरच. शेवटी, "बरं सर," म्हणून त्याने फोन ठेवला.