पोकलेन कुटं होतं?

३ फेब्रुवारी, सोमवार
फाटकाला कुलूप! माझ्या खाणीच्या फाटकाला! सूनबाई उभ्या उभ्या म्हणली, "आजपासून मशीन बाहेर जाणार नाही, आत्या." काल-परवापर्यंत हितं धुरळासुद्धा मला विचारून उडत होता. हे गेल्यापासून खाण आन खडी क्रशर मीच सांभाळला. आता ह्यांचे भागीदार हिंदुराव आन माझा पोटचा अभिमन्यू, दोघांनी मिळून कारभार दिला वैजयंतीच्या हातात. इंजिनेर हाय म्हणं. दगूड काय इंग्रजीत फुटतोय व्हय?

५ फेब्रुवारी
टिपरची रांग पार रोडपर्यंत. क्रशर मोकळा घरघरतोय, तोंडात घालायला दगूड न्हाय. ती सगळ्यांच्या देखत म्हणली, "दगड आहे, गिऱ्हाईक आहे. पोकलेन एकच, आणि तेच इतके दिवस गावभर फिरत होतं. मग सगळं अडणारच की."

गावभर फिरत होतं! कुणाची हीर बुजली, कुणाला मांडवासाठी रान सपाट करायचंय — लोक येतात, "अक्का, दोन तास पोकलेन द्या की." द्यायचं न्हाय? ह्यांनी कधी कुणाला न्हाय म्हणलं न्हाय. म्हणून तर आमी सुरुंगाचा बार उडवला की लोकांच्या मांडणीवरची भांडी पडतात, तरी कुणी तक्रार करत न्हाय. हे तिच्या कालेजात शिकवलं नसंल!

८ फेब्रुवारी
आज दिवसभर तिच्याशी बोलले न्हाय. तिला कळलंसुद्धा न्हाय.

१२ फेब्रुवारी
माहेरनं कोंडीबाचा फोन. शेततळं खोदायचंय त्याला. वर हसतोय — "अक्का, आता तितं तुझं काय चालत न्हाय म्हणं?" सख्खा भाऊ असं बोलतोय! म्हणलं, उद्या सकाळी मशीन तुझ्या बांधावर बघ.
ती उद्या पुण्याला चाललीय, दुसरं पोकलेन भाड्यानं बघायला. जा म्हणावं. फाटकाची दुसरी किल्ली माझ्या कपाटात हाय, हे तिला ठावं न्हाय.

१३ फेब्रुवारी, सकाळी
पाठवलं! माणसं कामावर यायच्या आतच. ड्रायव्हर गुंडा आडवा आला — "अक्का, म्याडम न्हाय म्हणल्यात." म्हणलं, मीठ कुणाचं खातूस रं? ट्रेलरवर मशीन चढलं आन मी फाटक सताड उघडं ठेवलं. लई दिसांनी बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
चन्नप्पाचा पाय.

१५ फेब्रुवारी
लिवते. काल पुढं लिवलं न्हाय.
परवा दुपारी खाणीत वरनं कडा सुटला. चन्नप्पा खाली सुरुंगासाठी भोकं पाडत होता — अक्कलकोटकडचा, ह्यांच्या वेळंपासूनचा माणूस. बाकीचे पळाले. त्याचा पाय घोट्याबरोबर दगडाखाली. एरवी मराठीत बोलणारा, पण "अव्वा, अव्वा" करून आईला हाका मारत होता. दहा जण पहारी घेऊन भिडले, दगूड हलंना. पोकलेननं तो पानासारखा उचलला असता. सगळे वराडतायत, "पोकलेन कुटं हाय? पोकलेन आणा!"
मी तितंच उभी होते. गुंडा तिकडं कोंडीबाच्या रानात.
पाय सोडवेपर्यंत ऊन उतरलं.

१८ फेब्रुवारी
पाऊल काढावं लागलं. 
मी डबा घेऊन दवाखान्यात गेले तर बाहेरच चन्नप्पाच्या बायकोनं वैजयंतीचा दंड धरलेला. "पोकलेन कुटं होतं, बाई? सांग, कुटं होतं?"
आन ही म्हणली, "मी पाठवलं होतं बाहेर. चूक माझी आहे."
मान खाली घालून शिव्या खाल्ल्या. आजूबाजूला खाणीतली सगळी माणसं. गुंडानं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघत बसला. माझ्या हातात डबा तसाच.

१९ फेब्रुवारी
लबाड! तिला सगळं ठावं हाय. मशीन कुटं फिरतंय ते तिच्या मोबाईलवर दिसतंय, गुंडाच बोलला. मग का? मला उपकाराखाली दाबायला? रोज समोर भाकरी वाढताना आठवण करून द्यायला? मशीनचं नाव काढत न्हाय. जेवताना विचारते, "आत्या, आमटी वाढू का?" आमटी!

२० फेब्रुवारी
हिंदुराव घरी आले. "वैनी, आमचं चुकलं. पोर शिकलेली हाय, पण तिच्यामुळं माणूस अधू झाला. सोमवारी बसू, तिला बाजूला करू. कारभार परत तुमच्याकडं."
अभिमन्यू खाली मान घालून बसलेला. ती आत भांडी लावत होती, तिला ऐकू जात होतं.
हेच तर पायजे होतं मला. हिंदुरावांना चहा दिला. साखर घालायची राहिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी चन्नप्पाला बघून आले. मला म्हणला, "अक्का, तुमच्या हातात होतं तवा असं कधी झालं न्हाय." 
घरी आले ती सरळ तिच्या खोलीत गेले. दुसरी किल्ली तिच्या पलंगावर टाकली. म्हणलं, तू दिल्याला कारभार मला नको. खोटं का बोललीस ते उद्या दिवे लागायच्या आत मला सांग. सांग नायतर गप बस — सोमवारी हिंदुरावांच्या म्होरं मशीन कुणी पाठवलं ते मीच बोलणार हाय. पण मला उत्तर पायजे. उद्याच.