हाशिरने बसवलेला सेन्सर

रविवार, ९ नोव्हेंबर

बोटीवरची चाचणी फसली. लॅबमध्ये शहाण्यासारखं वागणारं यंत्र इथे सौदीत, कतीफसमोरच्या समुद्रात वाट्टेल ते आकडे देत होतं. आत गार केलेले अणू खाली पडतात, लेझर आणि आरशाने ते पडणं मोजायचं — त्यावरून गुरुत्व. पण बोट हलली की आरसाही हलतो. म्हणून आरशावर छोटा सेन्सर. तो हलणं नोंदवतो, आम्ही ते वजा करतो. आज वजा करून गोंधळ वाढला!

मीटिंगमध्ये आमचे प्रमुख खुर्शीदसाहेब यांनी विचारलं, "दर्शनाजी, क्या लगता है?" मी म्हणाले, सेन्सर सैल बसला असावा. तो बसवणारा तंत्रज्ञ हाशिर समोरच होता.

सोमवार, १०

मी "असावा" म्हणाले होते. मीटिंगच्या टिपणात "सैल होता" असं आलंय. दुरुस्त करायला सांगितलं नाही. का?

जेवणाच्या सुट्टीत हाशिर म्हणाला, "दर्शनाताई, पाना लावून तीनदा बघितला हो. पण तुम्ही म्हणताय तर..." आणि हसला. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, याच महिन्यात संपतोय. बायको-मुलगी इथेच आहेत.

मंगळवार, ११

सेन्सर सैल असता तर चूक कशीही भरकटली असती. ही इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते. शिस्तीत!

गेल्या आठवड्यात सेन्सरच्या सिग्नलला मी नवा फिल्टर लावला. त्याने सिग्नल बारा मिलिसेकंद मागे पडतो. तेवढा पुढे सरकवायला मी विसरले. आरसा वर जाताना आम्ही त्याचं आधीचं खाली जाणं वजा करत होतो. आता सरकवला — आलेख सरळ!

आधी आनंद झाला. लाज नंतर वाटली. हा क्रम लिहून ठेवते.

बुधवार, १२

आज सांगायचं होतं. म्हटलं, आणखी एकदा तपासू. बोटीच्या तिन्ही फेऱ्यांचे आकडे तपासले, तेच उत्तर. तपासत होते की टाळत होते?

घरी माझा नवरा श्रीकांत म्हणाला, "अगं, दोन ओळींचा मेल कर." गौरी म्हणाली, "आई, जस्ट से सॉरी ना!" मेल लिहिला. पाठवला नाही.

गुरुवार, १३

सांगितलं. सगळं, आलेखासकट.

खुर्शीदसाहेबांनी ड्रॉवरमधून कागद काढला. "चूक माझी" असं हाशिरने स्वतः मंगळवारीच लिहून दिलंय. त्याचं फायनल एक्झिट, देश कायमचा सोडायचा शिक्का, काल लागलं.

"मैंने पूछा था, पक्का? बोला, दर्शनाताई बोली हैं तो ढीला ही होगा."