आमच्या स्लॅबचा गिलावा

४ एप्रिल १९५७
सिद्धू गवंड्याला हाकलला. अख्ख्या कन्हेरीत पहिला स्लॅब माझा, आणि आतून गिलावा असा की वर बघावं तर नांगरट बघितल्यासारखं वाटतं. जाब विचारला तर म्हणतो, "आबा, वर कोण बघतंय? माणसं खाली बघून जेवत्यात." बाहेर जाऊन खिदळला. माझे कान तिखट आहेत. पुन्हा दारात उभा करणार नाही.

५ एप्रिल
निश्चय : गिलावा स्वतः करणार. एके काळी डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बारामतीच्या बाजाराला जायचो. ऊस, इंजिन, स्लॅब सगळं स्वतः उभं केलं. थापी फिरवायला काय डॉक्टर लागतो? चौदा तारखेला लासुर्ण्याचे सावळारामतात्या आमच्या प्रयागला बघायला येणार. मुलगा कारखान्यात फिटर. पोरीच्या मनात भरलाय. मी निरोपातच कळवलंय, स्लॅबच्या घरात बसून बोलू.

६ एप्रिल, सकाळ
शिडीवर चढलो. पहिली थाप मारली. बसली. फर्स्टक्लास.

दुपार
पहिली थाप पडली. तोंडावर. प्रयागच्या आईनं डोळे धुतले आणि धुता धुता हसली. ऐकलं मी.

९ एप्रिल
सगळे खोलगट भाग भरले. आता जिथं उंच होतं तिथं खोल दिसतं. म्हणजे तेही भरणं आलं. चूक सिमेंटची. शेजारची भामाबाई डोकावून हिला म्हणते, "व्हय वो तानूबाई, आबा वरनं सारवत्यात व्हय?" बाईमाणूस म्हणून गप्प बसलो. म्हणजे थोडंच बोललो.

१२ एप्रिल
बोटानं वाजवून पाहिलं. मडकं बोलतं तसं बोलतंय. आत पोकळ. केवळ हिच्या समाधानासाठी सिद्धूला बोलावणं धाडलं. उलट निरोप आला, "थापी आबांच्याच हातात शोभतीया." मी त्याला माफ करणार होतो. आता नाही.
नवा प्लॅन. खालून कापडी छत बांधायचं. मातीच्या माळवदाखाली, ताटात माती पडू नये म्हणून बांधतात तसं. माझं मात्र शोभेचं. लाल झालर लावून.

१४ एप्रिल, संध्याकाळ
तात्या आले. टेकले. वर बघून मान डोलावली. मनात म्हटलं, जिंकलं! स्लॅबचा विषय काढणार, तोच माझ्या गिलाव्याचा पोपडा सुटून छतात थप्प पडला. कापडाला झोळ आला. तात्या मांडीवर थाप मारून हसले. "आबा, स्लॅब स्लॅब म्हणून उगं हूल दिलीत व्हय? माळवदच हाय की! ब्येस झालं. आमचं बी माळवदच. स्लॅबातली पोरगी आमच्यात कशी नांदंल, म्हणून पाय मागं येत हुता. फोडा आता सुपारी."
मी ताडकन उठलो. भर बैठकीत मला थापाड्या ठरवतो? माझ्या स्लॅबला माळवद म्हणतो? छताची दोरी हातात धरली. ओढणार, तेवढ्यात दाराआड प्रयागच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. पोरीनं श्वास रोखला, तोही ऐकू आला.
दोरी सोडली. म्हटलं, "व्हय तात्या. माळवदच हाय."

१५ एप्रिल
शांत डोक्यानं विचार केला. सगळं माझ्या प्लॅनप्रमाणेच झालंय. लग्नापर्यंत छत काढायचं नाही, एवढंच. तात्याच्या नावानं दिवसभर दात खाल्ले, ते वेगळं.

२० एप्रिल
लासुर्ण्याहून दोन बैलगाड्या दारात. माळवदावर टाकायची पांढरी माती. तात्यांचा निरोप : तुमचं माळवद गळतंय, पावसाआधी टाकून घ्या, व्याह्याकडून भेट. माती पसरलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय माघारी येऊ नको, असं गाडीवानाला बजावलंय. तो ओसरीवर चहा पीत बसलाय. माती पसरायला गावात रिकामा माणूस एकच मिळाला.
सकाळपासून सिद्धू माझ्या स्लॅबवर माती पसरतोय. खिदळतोय. मी खाली, छताखाली बसलोय.
सगळं ऐकू येतंय.