रिपोर्टाआधीचं ऊन

अहो,

फोन चार्जिंगला लावून बागेत गेलात, म्हणून लिहून ठेवतेय. तुमच्या नाकावरच्या डागाचा रिपोर्ट आणायला मी सुनेबरोबर चिपळूणला जातेय. मागून येऊ नका.

आंब्याची साठं अंगणात वाळत घातलीत. कावळे हाकलायचे ते पडवीत बसूनच. हाडांना ऊन लागतं, हे तुमचं डॉक्टरांनाही पटलं. पण सकाळचं थोडं पुरे म्हणाले, दुपारभराचं नव्हे. उन्हात लावायच्या क्रीमची ट्यूब तंबाखूच्या डबीखाली ठेवलीय, म्हणजे सापडली नाही म्हणायला नको. बायकी वाटत असेल तर दार लावून घ्या आणि चोपडा.

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी बागेत भाकरी घेऊन यायचे. नवी नवरी काळवंडेल म्हणून तुम्ही स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकायचात. मी तो घेऊन घरी यायचे, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत बोडक्या डोक्याने कलमांत राबायचात. पुढेही कितीतरी वर्षं तसंच चाललं.

अख्खी वाडी मला अजून गोरी म्हणते. माझ्या वाटणीचं ऊन कुणाच्या नाकावर पडलं, ते कळायला मला रिपोर्ट लागत नाही.

कुंदा