अकराच्या आधी नको

३ मार्च, सोमवार

मास्तर कोसळले! कटिंग मशीनपाशी, अकराला दहा मिनिटं असताना. एकोणीस वर्षं आमच्या खोक्यांच्या कारखान्यात फोरमन आहेत, कधी कपाळावर आठी नाही. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा आहे. दोन तास आधी आणलं असतं तर—

दोन तास आधी म्हणजे नऊ. नऊला ते मला दारातच भेटले होते. चेहरा उतरलेला होता, हे आता आठवतंय. तेव्हा मी एवढंच विचारलं, "माल किती निघाला?"

४ मार्च, मंगळवार

आज कळलं. चिकटवण्याच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "त्यांना नऊपासूनच छातीत दुखत होतं, साहेब. सारखे घाम पुसत होते. मी म्हटलं, साहेबांना सांगा आणि घरी जा. तर म्हणाले, अकरा वाजू देत."

अकरा! माझाच नियम. माझा चहा होईपर्यंत वाईट बातमी आणायची नाही. मशीन बंद पडो, पुठ्ठा संपो, अकराच्या आधी कोणी केबिनमध्ये पाऊल ठेवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा काढला. सकाळी माझं डोकं तापतं ना, म्हणून! केवढा शहाणा मी. माझं प्रेशर उतरलं आणि ते सगळं मास्तरांच्या छातीवर जाऊन बसलं.

५ मार्च, बुधवार

सगळ्यांना गोळा करून सांगितलं— नियम बंद. कधीही या, काहीही सांगा. बाई नखं बघत राहिल्या.

हे सांगतानाही माझा आवाज चढला होता.

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. माफी कशी मागायची ते वाटभर घोकत होतो. मला पाहताच मास्तर उठून बसायला लागले. "साहेब, ती सोमवारची ऑर्डर—" पलंगाशेजारच्या यंत्रावर ठोक्यांचा आकडा चौऱ्याहत्तर होता, बघता बघता एकशेदहावर गेला! नर्स धावत आली. "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

थांबलो. काचेतून बघत होतो. मी नजरेआड झालो तसा आकडा उतरत गेला. लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांच्या बायकोने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग अगदी हळू म्हणाली, "राग मानू नका, पण इतक्यात येऊ नका. तुमचा फोन आला की ते भरल्या ताटावरून उठायचे हो."

माफी राहूनच गेली. मागायला गेलो तर त्यांनाच त्रास, न मागावी तर मला चैन नाही.

८ मार्च, शनिवार

घरी गप्पच असतो. भाजी करपली तरी बोललो नाही. बायको दोनदा खोलीच्या दारापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेली.

१० मार्च, सोमवार

सकाळी बायको समोर येऊन बसली. म्हणाली, "आठवडा झाला, तुम्ही घरात आवाज चढवला नाहीत. म्हणून धीर करून सांगते. माझ्या छातीत गाठ लागतेय हाताला. चार महिने झाले."