तुटवड्यातली माझी शस्त्रसज्जता

रविवार, १२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि सुचेता काही ठेवणार नाही.

निर्णय: रायफल घ्यायची. दुसऱ्या महायुद्धातली, लाकडी दस्त्याची, लष्कराने विकायला काढलेली थ्री-नॉट-थ्री. गेल्या खंडेनवमीला इथल्या आपल्या मराठी मंडळात शस्त्रपूजा झाली ती कशाची? तीन लॅपटॉप, एक स्क्रूड्रायव्हर आणि सुप्रभाताईंचा स्टेथोस्कोप. लाज वाटली. आमचं घराणं तलवारीचं. आजोबा पोस्टात होते हे खरं, पण पणजोबांचं कुणालाच काही माहीत नाही, म्हणजे शक्यता आहेच.

सुचेता म्हणाली, आधी बाथरूमचा नळ दुरुस्त कर. बायकोला मोठी गोष्ट दिसत नाही.

सोमवार, १३ जानेवारी, लंच ब्रेक
नियम वाचले. आधी नेमबाजीचा क्लब, तिथे काही महिने उमेदवारी, मग फॉर्म, मग पोलीस घरी येणार, मग सर्टिफिकेट, मग रायफल. क्रॉयडनच्या ब्रिटिश व्हिसा ऑफिसातून तीनदा सहीसलामत बाहेर आलेल्या माणसाला फॉर्मची भीती कसली! जूनपर्यंत काम फत्ते.

रविवार, २ फेब्रुवारी
क्लबचा पहिला दिवस. वॉटफर्डच्या पुढे आहे, ट्रेन जात नाही. सुचेताने सोडलं. (माझी ड्रायव्हिंग टेस्ट अजून व्हायची आहे. चौथी. पहिले तिन्ही एक्झामिनर माझ्या राउंडअबाउटच्या पद्धतीवर जळत होते.)

क्लबचे कॅप्टन ग्रॅहम म्हणून आहेत, निवृत्त शाळामास्तर. दहा गोळ्या दिल्या. कागदावर दोन लागल्या. वारा फार होता. ग्रॅहम म्हणाले, ही रेंज इनडोअर आहे. दाराच्या फटीतून येत असणार.

रविवार, २ मार्च
महत्त्वाची बातमी. गोळ्यांचा तुटवडा! क्लबात सगळे तेच बोलत होते. कारखाने लष्करासाठी राबतायत, थ्री-नॉट-थ्री कुणी बनवत नाही, जुना साठा संपत आला. बाकीचे रडत बसले. मी कॉव्हेंट्रीच्या डीलरला, केनला, फोन लावला. त्याच्याकडे एक १९४३ची रायफल आहे आणि शेवटचे काही बॉक्स. म्हणाला, सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय एक गोळी देणार नाही. रायफलही नाही. मग सर्टिफिकेटशिवाय काय मिळेल, विचारलं. म्हणाला, पट्टा.

पट्टा घेतला, रायफल खांद्याला अडकवायचा. तुटवड्यात जे मिळेल ते उचलायचं असतं. लोकांना हे उशिरा कळतं.

बुधवार, १९ मार्च
आणखी चार पट्टे. तेलाच्या सात पितळी बाटल्या. नळी साफ करायच्या दोऱ्या. कॅनव्हासचे पाऊच. सुचेताने विचारलं, रायफल एकच ना? हो. मग पट्टे पाच? तिला सप्लाय चेन समजावून सांगितली. ती मध्येच उठून कुकर बंद करायला गेली. शिट्टी झाली नव्हती.

रविवार, २० एप्रिल
गाडीत बसून कंटाळते म्हणून सुचेता आता क्लबच्या कँटीनमध्ये बसते. आज ग्रॅहमनी आग्रह करून तिच्या हातात रायफल दिली. पाच गोळ्या मारल्या. कागदावर भोक एकच! म्हणजे चार बाहेर गेल्या. मी तिची समजूत काढली, म्हटलं, माझ्याही सुरुवातीला जायच्या. ग्रॅहम तो कागद इतरांना दाखवत होते. असं चारचौघांत हसं करू नये कुणाचं.

माझ्या आज दहापैकी तीन. प्रगती पन्नास टक्के.

मंगळवार, १३ मे
तिजोरीसारखं उंच लोखंडी कपाट आलं. नियमच आहे, भिंतीत बोल्ट मारून पक्कं करावं लागतं. बेडरूममध्ये बसवलं, सुचेताच्या साड्यांच्या जागी. साड्या सूटकेसमध्ये गेल्या. सध्या कपाटात पट्टे टांगले आहेत. नऊ. कुलूप लावतो. सवय हवी.

रविवार, १५ जून
फॉर्म भरला. ओळखीच्यांची नावं लागतात. सुप्रभाताईंचं दिलं, निवृत्त भूलतज्ज्ञ, मंडळाच्या अध्यक्ष, वजनदार नाव. त्यांनी पोलिसांना फोनवर सांगितलं म्हणे, की अनुप मुंगीसुद्धा मारू शकत नाही. शब्द जरा वेगळे हवे होते, पण हेतू चांगला.

सुचेतासुद्धा समोर बसून कसलासा फॉर्म भरत होती. पार्किंग परमिटचा असणार. मला स्पेलिंगही विचारलं नाही.

रविवार, २७ जुलै
मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं: यंदा खंडेनवमीला खऱ्या रायफलीचं पूजन. टाळ्या! सुप्रभाताईंनी विचारलं, अहो, पण मिळालीय का ती तुम्हाला? म्हटलं, औपचारिकता उरलीय. रात्री फ्लायर करून दोनशे चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकला. वर माझा फोटो. खाली ठळक अक्षरांत: ‘प्रत्येकाला रायफल हातात घेऊन फोटो काढता येईल. मुलांना आवर्जून आणावे.’

आता माघार नाही.

बुधवार, २० ऑगस्ट
पोलिसांतर्फे लिंडाबाई आल्या. मी चहा, चकली, चिवडा, सगळी तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त पाणी घेतलं. कपाट उघडून दाखवलं. अकरा पट्टे त्यांनी दोनदा मोजले. भारावल्या असाव्यात.

मग विचारलं, रायफल कशासाठी? टार्गेट शूटिंग असं एका शब्दात सांगून मोकळा झालो असतो, पण माणूस सुसंस्कृत दिसला की मला राहवत नाही. खंडेनवमी समजावली. हळद-कुंकू कुठे वाहणार, झेंडूची माळ कुठे, सगळं. मग फ्लायर दिला, इंग्रजीत भाषांतर करून. त्यांनी विचारलं, तुमच्याशिवाय आणखी कोण हाताळणार? मी म्हटलं, सगळे! दोनशे चाळीस! मी काही कंजूष नाही. त्यांनी पान भरून लिहून घेतलं.

सुचेता तेव्हा कपाळाला हात लावून बसली होती. तिला मायग्रेन आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर
पत्र आलं. नाही. कारण: अर्जदार शस्त्र अनधिकृत व्यक्तींच्या हाती देण्याचा इरादा जाहीरपणे बाळगतो. ‘अनधिकृत व्यक्ती’! आपली माणसं ती!

अपील करणार. दिवसभर जेवण गेलं नाही. खोटं कशाला लिहू, खूप वाईट वाटलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर
मंडळाचा दसरा. आजारी पडायचं ठरवलं होतं, पण सुचेता म्हणाली, चल, तोंड दाखव आणि ये. शेवटी पाटावर अकरा पट्टे, सात बाटल्या आणि पाऊच मांडले. म्हटलं, शस्त्राची अंगं म्हणजे शस्त्रच. मोठ्यांनी हळद-कुंकू वाहिलं. मुलं मात्र रांगेत उभी होती. सान्वी, दहा वर्षांची, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, काका, पण तुमचा रायफल कुठे आहे? कुणीही तिला गप्प केलं नाही. सुप्रभाताईंनीसुद्धा नाही, त्या प्रसाद वाटत होत्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर
लिंडाबाई पुन्हा आल्या! अपिलाचा परिणाम. (अजून पाठवलेलं नाही, पण बातमी पसरते.) मी पुढे झालो. त्या म्हणाल्या, तुमच्याशी नाही, मिसेसशी बोलायचंय. साक्ष घेत असाव्यात. दार लोटून घेतलं. एकदा दोघींचं हसू ऐकू आलं.

रविवार, ९ नोव्हेंबर
लिहून टाकतो.

तो फॉर्म पार्किंगचा नव्हता. सुचेता एप्रिलपासूनच क्लबची मेंबर होती म्हणे; तिला सर्टिफिकेट मिळालं. काल ती एकटी कॉव्हेंट्रीला जाऊन केनकडून रायफल घेऊन आली. १९४३ची, तीच. शेवटचे दोन बॉक्सही तिनेच घेतले. एकाच भोकाचा तो कागद ग्रॅहमनी क्लबात फ्रेम करून लावलाय. मी महिनाभर त्याच्याखाली बसून सँडविच खात होतो.

रायफल माझ्या कपाटात आहे, पट्टे सूटकेसमध्ये. किल्ली तिने काढून घेतलीय; कुठे ठेवली, विचारलं. म्हणाली, सांगता येणार नाही, पोलिसांची अटच आहे, नवऱ्याला कळता कामा नये. मी म्हटलं, एका घरात राहून हे शक्य तरी आहे का? म्हणाली, लिंडानेही हेच विचारलं होतं, तेव्हा मी तिला सांगितलं, याला अकरा वर्षांत साखरेचा डबा सापडलेला नाही. तिने लगेच टिक केली.

पोलिसांच्या फायलीत माझ्याविषयी असलं काही लिहिणं योग्य नाही. निषेध नोंदवला.

सकाळी आठ वाजता ती रेंजवर गेली. मला म्हणाली, पट्टा एक देतोस का? दिला. ती गेल्यावर चहा टाकला. वरचे दोन्ही कप्पे पाहिले, खालचा ड्रॉवर पाहिला, ओव्हनसुद्धा उघडून पाहिला.

बिनसाखरेचा प्यायलो.